संगणक द्यायचा आहे, दप्तर नव्हे

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ राहतो. टॉवेल आणि चादरीच्या सहा कारखान्यांचे हिशेब २२ वर्षे दिवाणजी म्हणून पाहिले. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून काम थांबवले आहे. घरी एक जुना संगणक आहे (विंडोज ७, ५०० जीबीची हार्ड डिस्क), एक लॅपटॉप आहे (विंडोज १०, एसएसडी) आणि कपाटात एक बंद पडलेली हार्ड डिस्क आहे. संगणक आणि लॅपटॉप विजापूर रोडवरील एका अभ्यासिकेला द्यावेत, असे मनात आहे. नवी पेठेतील एक दुकानदार म्हणतो, ३०० रुपयांत फॉरमॅट मारून देतो. पुण्याचा भाचा म्हणतो, ३५ वेळा पुसल्याशिवाय देऊ नका. शेजारी म्हणतात, हातोडा घाला आणि भंगारात टाका. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले आपापल्या जागी थोडेफार बरोबर आहेत, पण तुमच्याकडे वस्तूही तीन आहेत आणि कोणती मात्रा कोणत्या वस्तूला लागू पडते, हे तिघांपैकी कोणीच सांगितलेले नाही. हातोडा त्या बंद डिस्कसाठी ठीक आहे. चालू संगणकावर तो घातला तर अभ्यासिकेच्या मुलांच्या हाती काहीच लागणार नाही. भाच्याची काळजी रास्त आहे, त्याचा आकडा मात्र जुन्या काळातला आहे. दुकानदाराचा फॉरमॅट स्वस्त आहे, कारण त्यात पुसण्याचे काम जवळजवळ होतच नाही.

पद्धतीकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तुमच्या पत्रात ती ओझरतीच आली आहे. घरगुती संगणकात माणसाचे स्वतःचे फोटो, वीजबिले आणि मुलांचे निकाल असतात. तुमच्या संगणकात तुमचे स्वतःचे थोडे आणि लोकांचे फार आहे. मालकांचे पॅन, बँक खात्यांचे क्रमांक, कामगारांच्या आधार कार्डांच्या स्कॅन प्रती, पगारपत्रके, सूत कोणाकडून कोणत्या भावाने घेतले त्याची बिले, आणि कोणत्या कामगाराने लेकीच्या लग्नासाठी किती उचल घेतली व ती अजून किती फिटायची आहे, याची नोंदसुद्धा. एका पेढीची गोष्ट दुसऱ्या पेढीत बोलायची नाही, हा दिवाणजीचा दंडक तुम्ही २२ वर्षे पाळला असणार. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला; तुमचा दंडक त्याच्या कितीतरी आधीचा आहे. संगणक पुसून देणे हा त्याच दंडकाचा भाग आहे, आणि म्हणूनच हे काम दुकानदारावर सोपवून निघून येण्यासारखे नाही. ते तुमच्या डोळ्यांसमोर व्हावे.

फॉरमॅटने काय होते, हे तुम्हाला खतावणीच्या उदाहरणाने चटकन कळेल. जुन्या खतावणीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असे: खात्याचे नाव आणि पान क्रमांक. संगणकात फाइल ‘डिलीट’ केली, रिसायकल बिनही रिकामा केला, तरी फक्त अनुक्रमणिकेतील ती एक ओळ खोडली जाते आणि ‘हे पान आता वापरायला मोकळे’ अशी नोंद होते. झटपट फॉरमॅट मारला की अनुक्रमणिकेची सगळी पाने फाडून नवी कोरी पाने लावली जातात. आतील खाती जशीच्या तशी राहतात. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत ती वाचता येतात, आणि वाचणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझा जुना संगणक मी ओळखीच्या एका गृहस्थांना दिला होता. देण्याआधी फॉरमॅट मारला आणि निश्चिंत झालो. चार महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याचा महाविद्यालयातील प्रकल्प चुकून खोडला गेला होता, तो परत मिळवण्यासाठी त्याने इंटरनेटवरून असाच एक प्रोग्रॅम उतरवून रात्रभर चालवला, आणि सकाळी त्याच्या प्रकल्पाच्या तुकड्यांबरोबर त्याला माझ्या घराच्या खरेदीखताची स्कॅन केलेली पाने, पासबुकाचे पहिले पान आणि गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसलेल्या माझ्या मुलीचे फोटो सापडले. ‘काका, फोटो पाठवू का?’ असे त्याने मोठ्या अदबीने विचारले. मुलगा सज्जन होता, म्हणून गोष्ट फोटोंवर मिटली.

अशी फजिती माझी एकट्याचीच झालेली नाही. सिम्सन गार्फिंकेल आणि अभि शेलाट या अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातील दोघांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १२९ डिस्क चालू स्थितीत होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांतून त्यांना ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फॉरमॅट मारलेलाच होता.

आता काम. पहिला भाग पुसण्याचा नाही, काढून घेण्याचा आहे, आणि पश्चात्ताप होतो तो बहुधा याच भागातील घाईमुळे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ती जबाबदारी कारखानदाराची आहे, तुमची नाही. पण कारखानदाराकडे त्याची प्रत नसेल आणि तुम्ही संगणक पुसून टाकलात, तर नोटीस आल्यावर पहिला फोन तुम्हालाच येईल. म्हणून सहाही कारखान्यांचा टॅलीचा (हिशेबाच्या प्रोग्रॅमचा) डेटा वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि ज्याचा त्याला नेऊन द्या, शक्य असल्यास पोच घेऊन. एकाच पेन ड्राइव्हवर सहाही जणांचा डेटा घालून ‘तुमचा तेवढा घ्या’ असे करू नका. ज्याच्याकडे तो आधी जाईल त्याला बाकीच्या पाच जणांचा नफा-तोटा वाचता येईल. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचे फोल्डर नावाने नसते, आकड्याने असते, त्यामुळे अदलाबदल सहज होते. बॅकअप घेतला की तो दुसऱ्या एखाद्या संगणकावर एकदा रिस्टोअर करून पाहावा आणि शेवटच्या वर्षाचा ताळेबंद जुळतो का, ते बघावे. जो बॅकअप कोणी उघडून पाहिलेला नाही, त्याला मी बॅकअप म्हणत नाही.

टॅलीचे लायसन्स तुमच्या नावावर असेल आणि ते पुढे कोणी वापरणार असेल, तर डिस्क पुसण्याआधी ते टॅलीमधूनच सरेंडर करावे लागते. आधी पुसले आणि मग आठवले, तर ते लायसन्स सोडवताना नसता मनस्ताप होतो. डिजिटल सहीचे टोकनही (पेन ड्राइव्हसारखे दिसणारे, ज्यात मालकाची सही साठवलेली असते) आठवणीने काढून घ्या. ही टोकने अनेकदा सीपीयूच्या मागच्या बाजूला, धुळीने भरलेल्या यूएसबीच्या भोकात वर्षानुवर्षे बसलेली असतात आणि पुढून दिसत नाहीत. ते टोकन कोणाचे आहे, हे पाहून त्यालाच परत द्या, मुदत संपलेली असली तरी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे जपायची असतील, तर ती याच संगणकावर पीडीएफ करून घ्यावीत. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि ‘पासवर्ड’ याच नावाची एक्सेल फाइल (ती नाही असा दिवाणजी मी पाहिलेला नाही) डिस्कबरोबर पुसली जाईल, पण तेवढ्यावर थांबू नये. ते पासवर्ड इतकी वर्षे एका संगणकात होते, तेव्हा मालकांना सांगून जीएसटी आणि प्राप्तिकर पोर्टलचे पासवर्ड बदलून घ्यावेत. मोबाइलमधील व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून आणि गूगल खात्यातील उपकरणांच्या यादीतून ही दोन्ही यंत्रे काढून टाकायला विसरू नका.

यानंतर जुना संगणक. त्यातील ५०० जीबीची डिस्क ही फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क आहे, आणि ती पुसणे सोपे आहे: पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत सर्वत्र शून्य लिहायचे. खतावणीच्या प्रत्येक पानावर शाई ओतण्यासारखे हे आहे. विंडोज चालू असताना ज्या डिस्कवर विंडोज आहे तीच पूर्ण पुसता येत नाही, म्हणून संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील साधनाने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचे इन्स्टॉलेशन तयार करता येते. त्यावरून संगणक सुरू केला की भाषा विचारणारा पहिला पडदा येतो. तिथे शिफ्ट आणि एफ१० ही बटणे एकत्र दाबली की काळी खिडकी उघडते. त्या खिडकीत पुढील शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आहेत. प्रथम ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’.

इथे थांबा आणि भाच्याला ती यादी मोठ्याने वाचायला सांगा, कारण यापुढे परतीची वाट नाही. यादीत एक डिस्क ४६५ जीबीची दिसेल. ती तुमची ५०० जीबीचीच आहे. डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, त्यामुळे हा फरक पडतो. दुसरी ७ जीबीच्या आसपासची दिसेल, तो पेन ड्राइव्ह. तिसरी काही दिसली, तर सगळे बंद करून सहा बॅकअपांपैकी एखादा पेन ड्राइव्ह मागे टोचलेला राहिला आहे का, ते पाहा. मी एकदा अशाच घाईत दोन क्रमांकांमध्ये गोंधळ केला होता, आणि त्या दिवसापासून पुसण्याआधी बाकी सर्व केबली काढून ठेवायची सवय मला लागली. ४६५ जीबीच्या डिस्कचा क्रमांक शून्य असेल तर ‘सिलेक्ट डिस्क ०’, आणि त्यानंतर ‘क्लीन ऑल’. यातील ‘ऑल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसते ‘क्लीन’ लिहिले तर पुन्हा अनुक्रमणिकाच फाटते आणि काम एका क्षणात ‘झाले’ असे दिसते.

‘क्लीन ऑल’ दिल्यावर पडद्यावर काहीच हालचाल दिसत नाही. टक्केवारी नाही, पट्टी नाही, फक्त एक रेघ लुकलुकत राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की संगणक अडकला. सीपीयूवरील डिस्कचा छोटा दिवा मात्र अखंड पेटलेला असतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा. जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास लिहिते असे धरले, तर ५०० जीबीसाठी ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास लागतो. तबकडीच्या आतल्या भागात वेग उतरतो, म्हणून दोन तास धरावेत. दुकानदाराच्या फॉरमॅटची परीक्षाही याच हिशेबाने करता येते: चहा संपेपर्यंत काम झाले असे कोणी म्हणाले, तर पुसणे झालेले नाही. मध्येच वीज गेली तर नुकसान काही नाही, फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे करणार असाल तर सकाळी लवकर बसा, सीपीयूची बाजूची पत्र्याची झडप उघडी ठेवा आणि पंख्याचे तोंड तिकडे करा. दोन तास अखंड लिहिताना जुनी डिस्क चांगलीच तापते.

भाच्याच्या ३५ वेळांबद्दल. हा आकडा संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांच्या १९९६ मधील शोधनिबंधातून आलेला आहे. त्या काळी डिस्कवर माहिती लिहिण्याच्या अनेक वेगवेगळ्या पद्धती प्रचारात होत्या, आणि तुमची डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे ठाऊक नसेल तर सगळ्या पद्धतींना पुरून उरेल अशी ती एकत्रित यादी होती. आधुनिक डिस्कसाठी त्या सगळ्या फेऱ्या करण्यात अर्थ नाही, असे पुढे खुद्द गुटमन यांनीच लिहिले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१४ मधील मार्गदर्शक पुस्तिकेनेही चुंबकीय डिस्कवर शून्यांची एक फेरी साधारणपणे पुरेशी मानली आहे, प्रगत प्रयोगशाळा समोर असली तरी. तुमच्या डिस्कवर ३५ फेऱ्या म्हणजे ७० तास. भाच्याला तीन दिवस पाहुणचार करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

एका फेरीनंतर मात्र एक तपासणी करून घ्यावी. लिनक्स मिंट या, विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या प्रणालीचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू करा आणि ‘फोटोरेक’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्या पुसलेल्या डिस्कवर चालवा. माझे खरेदीखत सापडले होते ते अशाच एका प्रोग्रॅमला. तुमच्या डिस्कवर त्याला एकही फाइल सापडता कामा नये. ही तपासणी नवे काही टाकण्याआधी करायची आहे. नाहीतर नव्या विंडोजच्या हजारो फाइली सापडतील आणि त्यांतल्या तुमच्या कोणत्या, हे कळणार नाही.

लॅपटॉपला ही पद्धत लावू नका. एसएसडीत तबकडी नसते, चिप असतात, आणि कोणती माहिती कुठे लिहायची हे तिच्या आतील नियंत्रक स्वतः ठरवतो. सर्व कप्पे सारखे झिजावेत म्हणून तो असे करतो. तुम्ही ‘दहाव्या पानावर शून्य लिही’ असे सांगितले, तर तो एखादे कोरे पान घेऊन त्यावर शून्य लिहितो, त्यालाच दहावे पान म्हणायला लागतो आणि जुने दहावे पान सवडीने पुसायच्या गठ्ठ्यात टाकतो. शिवाय त्याच्याकडे काही राखीव पाने असतात, जी विंडोजला दिसतही नाहीत. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये असे दाखवून दिले की, हार्ड डिस्कसाठी बनवलेल्या एकेक फाइल खोडण्याच्या कोणत्याही पद्धतीने एसएसडीवरील फाइल खात्रीने नाहीशी होत नाही. दहा वेळा वरून लिहिल्याने एसएसडी फक्त झिजते.

म्हणून एसएसडीच्या बाबतीत नियंत्रकालाच हुकूम द्यावा लागतो. अनेक लॅपटॉपच्या, विशेषतः डेल, एचपी आणि लेनोव्होच्या कार्यालयीन वापराच्या मॉडेलांच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘डेटा वाइप’ अशी सोय असते. काही एसएसडी कंपन्यांचे स्वतःचे प्रोग्रॅमही हे काम करतात. हुकूम दिला की नियंत्रक राखीव पानांसकट सगळे रिकामे करतो, आणि तेही बहुधा काही मिनिटांत. तिकडे दोन तास आणि इकडे दोन मिनिटे, हे पाहून शंका घेऊ नका. यंत्रच वेगळे आहे. वर सांगितलेली फोटोरेकची तपासणी मात्र इथेही करा, कारण त्याच २०११ च्या अभ्यासात काही एसएसडींचा हा अंगभूत हुकूम सदोष निघाला होता. लॅपटॉपबरोबर आलेले विंडोज १० यामुळे बुडत नाही. त्याचे लायसन्स त्या यंत्राशी जोडलेले असते आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट मिळताच सहसा आपोआप मान्य होते.

बायोसमध्ये अशी सोय सापडली नाही, तर दुसरी वाट आहे. विंडोज १० ची ‘प्रो’ आवृत्ती असेल तर बिटलॉकर सुरू करून संपूर्ण ड्राइव्ह कुलूपबंद करावा. ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय निवडू नये. ‘होम’ आवृत्तीत काही लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने हीच सोय मिळते. त्यानंतर सेटिंग्जमधील अपडेट अँड सिक्युरिटी, मग रिकव्हरी, मग ‘रीसेट धिस पीसी’ असे जाऊन ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि पुढच्या पडद्यावर ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून ‘क्लीन डेटा’ चालू करावे. हा शेवटचा खटका आपोआप चालू नसतो आणि घाईत तो हमखास सुटतो. कुलपाची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली असेल, तर तीही तिथून काढून टाका. किल्ली गेली की मागे उरलेले तुकडे कोणाच्याही कामाचे नाहीत. ही वाट पहिल्या वाटेइतकी पक्की नाही, कारण कुलूप लावण्याआधी राखीव पानांवर राहून गेलेले काही उघडे असू शकते. पण ते वाचायला चिप सोडवून प्रयोगशाळेत न्यावी लागेल, आणि अभ्यासिकेत तो उद्योग कोणी करणार नाही.

कपाटातील बंद डिस्क पुसता येत नाही, कारण ती आज्ञा ऐकतच नाही. ‘बंद पडली म्हणजे आतले गेले’ ही समजूत मात्र चुकीची आहे: बहुतेक वेळा तिचे इलेक्ट्रॉनिक्स किंवा वाचणारा हात बिघडतो, तबकडीवरील नोंदी शाबूत असतात आणि डेटा परत मिळवून देणारे व्यावसायिक त्या काढू शकतात. इथे शेजाऱ्यांचे ऐका, फक्त हातोड्याऐवजी ड्रिल वापरा. हातोड्याने वरचे कवच चेपते आणि तबकडी अनेकदा शाबूत राहते. कोणत्याही कारखान्यातील फिटरकडे बेंच व्हाइस आणि ड्रिल असते. डिस्क पक्की आवळून तबकडीच्या भागातून आरपार चार-पाच भोके पाडून घ्यावीत. डिस्क लॅपटॉपमधील लहान आकाराची असेल तर तिची तबकडी काचेची असू शकते आणि ती तडकून तुकडे उडतात, तेव्हा फिटरला चष्मा लावायला सांगा आणि स्वतः दूर उभे राहा. घरातील लोहचुंबक वरून फिरवल्याने काही होत नाही. डिस्क जाळू नये, आणि संभाजी तलावातही टाकू नये. असा सल्ला मी प्रत्यक्ष ऐकला आहे, म्हणून लिहितो.

भोके पाडलेली डिस्क, फुटका मॉनिटर किंवा जुन्या केबली हातगाडीवरील भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर वस्तीतच राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवा. नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. देताना नोंदणीचा पुरावा पाहावा आणि पावती घ्यावी. यूपीएसची बॅटरी ई-कचऱ्यात टाकू नका. ती शिशाची असते आणि नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो.

अभ्यासिकेला देताना जुन्या संगणकावर पुन्हा विंडोज ७ टाकून देऊ नये. त्याची सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली आहेत, आणि इतक्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स मिंट फुकट आहे, अशा यंत्रावर बरे चालते, त्यात मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो आणि लिब्रे ऑफिस आधीपासून असते. तपासणीसाठी बनवलेला पेन ड्राइव्ह तुमच्याकडे असेलच, त्यावरूनच ते डिस्कवर टाकता येईल. लॅपटॉपचे विंडोज १० हेही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आधाराबाहेर गेले. त्यावर विंडोज ११ चालते का ते पाहावे, आणि चालत नसेल तर तिथेही मिंटच टाकावे.

एवढे सगळे झाल्यावर, रिक्षात सामान चढवण्याआधी, कीबोर्ड उलटा करून पाहा, मॉनिटरच्या कडा पाहा आणि सीपीयूच्या आतल्या बाजूने त्या पत्र्याच्या झडपेवर नजर टाका. एखाद्या कारखान्याचा युजर आयडी आणि पासवर्ड बॉलपेनने लिहून सेलोटेपने चिकटवलेली पिवळी पडलेली चिठ्ठी तिथे असेल, तर ती नखाने खरवडून काढा.